खरकटं आमचं, खड्डा तिचा

कोऱ्हाळे बुद्रुकात भामाबाईला कुणी "बरं हाय का?" विचारलं, तर ती आधी विचारणारीच्या हातातली पिशवी बघायची. पिशवी आपल्या पिशवीपेक्षा फुगलेली दिसली तर उत्तर यायचं, "ढकलतोय बाई कसंतरी." चपटी दिसली तर, "झ्याक हाय की, आमाला काय धाड भरलीया." तब्येत भामाबाईची, पण ती ठरायची दुसरीच्या पिशवीवरून.

हा स्वभाव तिने इंदापूर तालुक्यातून, वरकुट्याच्या माहेराहून, रुखवतात आणल्यासारखा आणला होता. लहानपणी धाकट्या बहिणीच्या वाट्याला कपाळावर पांढरा ठिपका असलेलं कोकरू आलं. भामाने आपल्या काळ्या कोकराच्या कपाळाला चुना फासला. ते बिचारं बें बें करत रानभर नाचलं. बापाने विचारलं तर ही म्हणते, "जलमल्यापासनं तसंच हाय ते. तुमी नीट बघितलं न्हाय."

पुढे ती कोऱ्हाळ्याला आप्पाच्या घरी पडली. आप्पाचं घर मेंढरांचं, कळप गावात सगळ्यांत मोठा. त्या दिवसांत भामाबाईला कुणाचा हेवा करायची गरजच पडली नाही, कारण सगळं गाव तिच्या दाराशी यायचं. रीत अशी की, मेंढरं रात्री शेतात बसवायची, आणि सकाळी ती उठली की लेंड्या-मुताने भिजलेल्या त्या ताज्या रानात लगेच नांगर घालायचा. असं रान मग दोन हंगाम काळंभोर पिकायचं. शेजारचे मोहनराव बागायतदार माळी, वांगी-कोथिंबीर बारामतीच्या बाजारात नेणारे. त्यांचा बाप दर साली नारळ घेऊन यायचा आणि उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणायचा, "आप्पा, औंदा आमच्या रानात एक रात जास्त बसवा." आप्पा "बघू" म्हणायचा. आत चुलीपाशी भामाबाई ते "बघू" पुरणपोळीसारखं चघळायची.

मग कालव्याचं पाणी वाढलं, जिकडे तिकडे ऊस झाला, चरायला बांधसुद्धा उरला नाही. कळप विकला. पोरगा मल्हार सोमेश्वरनगरच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर गेला, आणि रिकामा झालेला आप्पा बाजेवर गेला. मागे राहिली एक म्हातारी मेंढी, दोन शेळ्या, एक गाय आणि परसातला उकिरडा.

उकिरडा मात्र काय सांगावा. लिंबाच्या सावलीत, छातीएवढा उंच. खाली चार-पाच वर्षांचं मुरलेलं, वर कालचं. उन्हाळ्यात गावातल्या बायका पाटी घेऊन यायच्या. "भामाबाई, कोथमिरीला वाईच द्या." भामाबाई पाटी भरायची ती स्वतःच. खोऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला चालायचा नाही, सुनेचा तर नाहीच. वर प्रवचन असायचं, "हे दुकानातलं न्हवं. जपून घाल. आन पाटी धुऊन ठेव." दिवाळीत पहिली पणती लागायची ती देवापुढेही नाही, उकिरड्यावर. मग देव.

असं सगळं सुरळीत असताना, सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, मोहनरावांच्या बायकोने गांडुळं आणली.

प्रयागबाईचं घर शेराच्या कुंपणापलीकडेच. ती बोलायला लागली की आधी पदर सारखा व्हायचा, मग उजवा हात वर जायचा, मग "कसं असतंय बघा" एवढं म्हणून ती थांबायची. पुढचं वाक्य जणू बारामतीहून एसटीने यायचं असायचं. मोहनराव कुठल्याशा शिबिराला गेले होते, तिथून त्यांनी ओल्या गोणपाटात बांधून लाल गांडुळं आणली. शेवग्याखाली विटांचा गुडघाभर उंच हौद बांधला, वर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं. हौद असला तरी गावाने त्याचं नाव पाडलं खड्डा. प्रयागबाईचा खड्डा.

बायका बघायला लोटल्या. भामाबाईही गेली. न जाऊन चाललं नसतं, कारण मग नावं कशाला ठेवणार?

"कसं असतंय बघा," प्रयागबाई म्हणाली. बायका थांबल्या. "घरातलं काय बी वाया जात न्हाय. देठं, साली, चहाचा चोथा, सगळं ह्यांच्या पोटात. फकस्त तिखट-मीठ आन तेलाचं चालत न्हाय माझ्या लेकरांना."

"लेकरं म्हणं," भामाबाई शकुबाईच्या कानात पुटपुटली.

शकुबाई म्हणजे गावचं रेडिओ केंद्र. तिचं प्रत्येक वाक्य "मी काय म्हणत न्हाय, पण" ने सुरू व्हायचं आणि मग ती सगळंच म्हणायची. "मी काय म्हणत न्हाय, पण," ती म्हणाली, "हे खत बघा की. चहाच्या पुडीगत. माणूस आधणात टाकंल."

सगळ्यांनी हात घातला, वास घेतला. वास नव्हताच. भामाबाईनेही वास घेतला आणि नाक मुरडायची तयारी केली, पण मुरडायला काही सापडेना.

"गांडुळं आमच्या उकिरड्यात बी हायत," ती म्हणाली.

"ती आपली गावठी, भामाबाई. ती खाली मातीत जात्यात. ही बाहेरदेशची हायत. वरच ऱ्हात्यात, आन जेवल्याबिगर उठत न्हाईत."

बायका हसल्या. त्यांच्यात भामाबाईची सून अनिताही होती. ती जरा जास्तच हसली असं भामाबाईला वाटलं.

घरी येऊन तिने आप्पाच्या बाजेपुढे सगळा प्रसंग पदर सावरून, हात वर करून दाखवला. "कसं असतंय बघा. माझी लेकरं जेवल्याबिगर उठत न्हाईत." आप्पाला हसू आलं. तो म्हणाला, "लई हुबेहूब करतीस. तिच्याकडंच बघत बसतीस जणू."

भामाबाईने त्या दिवशी त्याला चहा उशिरा दिला.

त्यानंतरच्या एका सकाळी ती शेळीची धार काढत होती. कुंपणाला एक फट होती. त्या फटीतून अनिता निळी बादली घेऊन पलीकडे जाताना दिसली. बादली जड असावी, पोरगी एका अंगाला कलली होती. वर मेथीची देठं डोकावत होती.

अनिता परत आल्यावर भामाबाईने विचारलं, "ती देठं कुणाची गं?"

"आपलीच की, आत्या."

"मग ती कुठं गेली?"

"मावशीच्या खड्ड्यात."

"कोण मावशी? तुझी मावशी तर जेजुरीला दिलीया."

"प्रयागमावशी. त्या म्हणल्या, तुमच्याकडं नुसती पडून ऱ्हात्यात, कुत्री वढत्यात. तितं त्याचं सोनं व्हतंय."

"आन हितं काय व्हतंय?"

अनिता बादली पालथी घालून भाकरी थापायला बसली.

तेव्हापासून भामाबाईचे कान कुंपणाला चिकटले. पलीकडून अनिताचा आवाज यायचा, हसायचा, मध्येच "अगं बया, मावशी, हे बघा किती" असा वर चढायचा. घरात हाच आवाज "व्हय आत्या, न्हाय आत्या" यापुढे जात नसे. देठं गेली तर गेली, पण देठांमागोमाग सून चालली होती. मल्हार हंगामात महिनोन्‌महिने ट्रॅक्टरवर, आप्पा बाजेवर. घरात बोलकं माणूस एकच, आणि ते रोज सकाळी बादलीतून शेजारी जात होतं.

भामाबाईने ठरवलं. बादली परसातच रिकामी झाली पाहिजे.

"आवं, खड्डा खणा," ती आप्पाला म्हणाली.

"कशाला?"

"तुमाला काय करायचंय? खणा."

आप्पाने खणला. थर द्यायचे असतात हे भामाबाईला ठाऊक होतं. ओलं, मग माती, मग शेण, पुन्हा ओलं. पण प्रयागबाईच्या पुढच्या खताआधी आपलं काढायचं तर मातीत वेळ कोण घालवणार? तिने उरलेली आमटी ओतली, आंबलेली भाकरी टाकली, नासलेलं ताक टाकलं आणि वरून घागरभर पाणी. आठवड्यात खड्ड्याला असा वास सुटला की आप्पाने बाज उचलून पुढच्या दारी नेली. जाता जाता म्हणाला, "मेंढरू मेलंय का कुठं?"

अनिता नाकाला पदर लावून आली. "आत्या, लई ओलं झालंय. वर कोरडं पाचट टाका, थोडी माती टाका. वास जातोय."

भामाबाईने पाचटाची पेंढी उचललीही होती. "कुणी सांगितलं तुला?"

"मावशी म्हणत व्हत्या."

पेंढी खाली आली. "आमच्यात असंच करत्यात," भामाबाई म्हणाली, आणि त्या वासात ताठ मानेने उभी राहिली. शेवटी आप्पानेच खड्डा बुजवला.

मग शकुबाईने माठांची बातमी आणली. "मी काय म्हणत न्हाय, पण बारामतीला माझी भाची बिल्डिंगीत ऱ्हाती, तितं ना परस ना माती. ती माठाला भोकं पाडती, तीन माठ एकावर एक ठेवती आन खत करती. वरचा भरला की खाली, खालचा वर. गॅलरीत, सावलीला."

भामाबाईने जुने माठ काढले, खिळ्याने भोकं पाडली, उतरंड रचली. पण सावलीला? सावलीला ठेवलं तर दिसणार कुणाला? तिने उतरंड पुढच्या ओट्यावर मांडली, रस्त्यावरून येणारा-जाणारा बघेल अशी, भर उन्हात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहिलीही. "काय भामाबाई, पाणपोई काढली का?" असं दोघांनी विचारलं. आतल्या साली मात्र कुजायच्या सोडून कडकडीत वाळल्या. खत होईना, सालींची कुरडई झाली. अनिताने माठात डोकावून पाहिलं आणि ओठ दाबले. ते दाबलेलं हसू भामाबाईला मोठ्याने हसण्यापेक्षा झोंबलं.

एवढ्या गडबडीत तिला आणखी एक दिसलं. उकिरड्याची मागची कड खालून पोखरल्यासारखी खचली होती. "कुत्र्यांनी उकरली," ती म्हणाली, आणि कुत्र्यांना शिव्या दिल्या. गावातली कुत्री त्या उन्हाळ्यात उगीच फार बोलणी खात होती.

आता उरला एकच मार्ग. प्रयागबाई एका दुपारी बारशाला गेली, मोहनराव रानात होते, अनिता दळणाला गेली होती. भामाबाई डालड्याचा रिकामा डबा पदराखाली घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे शिरली. गोणपाट उचललं. खाली लालचुटूक गांडुळं, एकात एक गुंतलेली. तिने मुठीने डबा भरला. एक गांडूळ बांगडीत अडकलं. "चल की," ती त्याला दबक्या आवाजात म्हणाली, "तितंपेक्षा बरं खायला घालीन."

आणि तसंच तिने केलं. हयगय केली नाही. फुटक्या घमेल्यात गांडुळं सोडली आणि त्यांच्यावर शेळ्या-मेंढीच्या ताज्या, गरम लेंड्यांची अख्खी पाटी ओतली. ज्या लेंड्यांवर अख्ख्या गावाची रानं पिकली, ज्यांच्यासाठी मोहनरावांचा बाप नारळ घेऊन उभा राहायचा, त्या ताज्या लेंड्या. मेंढरं उठली की लगेच नांगर, हेच ती आयुष्यभर बघत आली होती. गांडुळांसाठी लेंडी मुरायची वाट बघायची असते हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वर पाणी शिंपडलं, पोतं झाकलं, आणि त्या रात्री ती समाधानाने झोपली.

सकाळी घमेल्यावर हात ठेवला तर चुलीवरून नुकतं उतरवल्यासारखं गरम. पोतं काढलं. लेंड्या तापून वाफाळत होत्या. आतली गांडुळं काही मेली होती. बाकीची काठावरून उतरून, जमीन थंड कुठे मिळते ते शोधत, अंगणभर पांगली होती. आणि कोंबड्यांना त्याचा शोध भामाबाईच्या आधी लागला होता. तांबडी कोंबडी चोचीत लाल गांडूळ धरून पळत होती, बाकीच्या तिच्यामागे, अंगणात नुसती वरात.

त्याच वेळी प्रयागबाई विरजणाची वाटी घेऊन दारात आली.

ती कोंबडीकडे बघत राहिली. पदर सारखा झाला. हात वर गेला. "कसं असतंय बघा," ती म्हणाली, आणि या वेळी पुढच्या वाक्याची एसटी फारच उशिरा आली. "ही आमच्यातली दिसत्यात."

"गांडुळावर काय नाव असतंय का?" भामाबाई म्हणाली.

"असली लाल आख्ख्या कोऱ्हाळ्यात माझ्याच खड्ड्यात हायत."

"मग आली असतील फिरायला."

"गोणपाट उचलून?"

"आमच्या दारात येऊन आमच्या कोंबड्यांची झडती घेतीस व्हय गं? घे. पोट फाड त्यांचं."

प्रयागबाईचा आवाज वर चढला. "चोरी ती चोरी, आन वर लेंड्यात घालून शिजवली माझी लेकरं. अडाणी बाई, ताज्या लेंडीत कुणी—"

"मावशी," अनिता आतून बाहेर आली. हाताला पीठ होतं. "ऱ्हाऊ द्या. आपल्याला बोलायला तोंड न्हाय."

प्रयागबाईचा वर गेलेला हात खाली आला. एकदम, विहिरीत बादली पडावी तसा.

"का न्हाय?" भामाबाईने सुनेला विचारलं. "तिला का तोंड न्हाय?"

अनिताने प्रयागबाईकडे पाहिलं. प्रयागबाई शेवग्याकडे बघत होती.

"मावशींकडं जनावर न्हाय, आत्या. बैल इकलं तवापासनं शेणाची पाटी बी घरात न्हाय. सुरवातीला त्यांनी कारखान्याची ताजी मळी आणून घातली, तर ती बी अशीच तापली. निम्मी गांडुळं मेली. शिबिरात सांगितलं व्हतं, जुनं मुरलेलं खत पायजे." ती थांबली. "आपल्या उकिरड्याच्या तळाचं. मी बादलीत खाली ते न्यायचे, आन वर देठं."

भामाबाईला खचलेली कड आठवली. जड बादली आठवली. एका अंगाला कललेली पोरगी आठवली.

"मला मागितलं का न्हाय?" तिने प्रयागबाईला विचारलं.

"तुमी दिलं असतं?"

"न्हाय."

"मग?" प्रयागबाईने वाटी या हातातून त्या हातात घेतली. "माझा सासरा नारळ घेऊन तुमच्या उंबऱ्याभायेर उभा ऱ्हायचा. मी नवी नवरी व्हते, कुंपणातनं बघायची. तवाच ठरवलं व्हतं, मी न्हाय कधी असं उभी ऱ्हाणार. आन तुमच्या घरात सून आली, माझा अजित पिंपरीला गेला तो गणपतीला बी येत न्हाय. सगळं तुमच्याच दारात का म्हणून?"

भामाबाई ते ऐकत होती. आपल्याकडे बघून कुणी इतकी वर्षं जळत होतं, हे ऐकून तिला जे वाटलं ते देवाच्या घरीसुद्धा मिळत नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, "म्हंजी ते चहाच्या पुडीगत खत..."

"आपल्याच उकिरड्याचं, आत्या. निम्मं तरी."

"निम्मं कशाला? सगळंच म्हण."

तिने तांबड्या कोंबडीला हाकललं आणि सुनेकडे वळली. आता तिचा आवाज बारीक झाला होता. "पर तू मला चोरून का नेलंस? तू तरी मागायचंस."

अनिताने हाताचं पीठ खरवडलं. "तुमी मला खोऱ्याला हात लावू देत न्हाय, आत्या. लगीन होऊन आल्यापासनं एक पाटी भरू दिली न्हाय. मावशी म्हणल्या, घाल हात. म्हणून गेले."

बाजेवरून आप्पा म्हणाला, "खरं हाय. मला बी लावू देत न्हाय." कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

भामाबाई परसात गेली. लिंबाला टेकवलेलं खोरं घेतलं. ते सुनेच्या हातात द्यायला तिला इतका वेळ लागला की प्रयागबाईला वाटलं ही आता आपल्याच डोक्यात घालते. दिलं एकदाचं. देताना दांडा सोडवेना. अनिताने हलकेच ओढलं तेव्हा सुटला.

"तळाचं घे," भामाबाई म्हणाली. "कडंचं कच्चं हाय. आन पाटी हलवून भर."

दुसऱ्या दिवशी प्रयागबाई पुढच्या दाराने आली. हातात नारळ होता. ती उंबऱ्याबाहेर थांबली, मग थांबल्याचा राग आल्यासारखी आत शिरली. भामाबाईने नारळ कानापाशी हलवला, रस्त्याने शकुबाई जाताना दिसली तशी आवाज चढवला, "अगं प्रयागबाई, कशाला एवढा नारळ? सासऱ्याचा असायचा त्यापरीस बारकाच हाय म्हणा, पर असू दे." शकुबाईची पावलं मंदावली. तिला आता काही म्हणायचं नव्हतं.

प्रयागबाईने बदल्यात एक डबाभर गांडुळं दिली. अनिताने लिंबाखाली जुन्या लेंडीचा थर घातला, वर देठं, वर पाचट. ओलं पोतं झाकलं. खोरं तिच्याच हातात असायचं. भामाबाई बाजूला उभी राहून नऊ चुका काढायची, पण अनिता आता "व्हय आत्या" म्हणत नसे. "तुमी जरा सरा बरं तिकडं" म्हणायची. पलीकडून प्रयागबाईचे कान कुंपणाला लागलेले असत. निळी बादली मात्र प्रयागबाईकडे रोज जायची. फक्त ती आता भामाबाई न्यायची, आणि तिथे उभी राहून म्हणायची, "माझ्या उकिरड्याचं नीट बघ हां. जास्त पाणी मारू नगंस."

दिवाळी आली. तिन्हीसांजेला भामाबाईने पणत्या लावल्या. पहिली अनिताच्या हातात दिली. "जा, उकिरड्यावर ठेव." सून गेली, पणती ठेवली, हात जोडले. भामाबाईने ते दारातून पाहिलं. तिला वाटलं, आपल्यापेक्षा वात सरळ ठेवली बयेने.

मग दुसरी पणती पदराने आडोसा धरत तिने कुंपणाची फट ओलांडली. शेवग्याखाली प्रयागबाई हौदाच्या विटेवर आपली पणती ठेवतच होती.

"हे काय, भामाबाई?"

"माझ्या उकिरड्याला लावतीया. तुझ्याकडं ऱ्हायला आलाय न्हवं तो."

तिने आपली पणती प्रयागबाईच्या पणतीशेजारी ठेवली. मग थोडी पुढे सरकवली. मग दोन्ही ज्योतींकडे मान तिरकी करून बघितलं, आणि म्हणाली, "तेल हाय का गं वाईच? माझी बारकी दिसतीया."